नथूकाकांचं सुतक

अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून जे मास्तर माझ्याकडे आले, त्यांनी आधी माझे हात पाहिले आणि चहाचा कप मध्येच खाली ठेवला. त्यांना वाटलं असेल, म्हातारीला काही रोग झालाय. रोग नाही बाबा, घण आहे. सासरी आले तेव्हापासून डोळ्यांत मोतीबिंदू उतरेपर्यंत मी घण मारला. लोहाराच्या भट्टीवर बसतो तो पुरुष. तो सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि छोट्या हातोडीनं टिचकी मारून दाखवतो, की इथं मार. समोर उभी राहून दोन्ही हातांनी घण उचलून तिथं जी मारते, ती त्याची बायको. मग शेतकरी विळा घेऊन जाताना म्हणतो, वा, काय हात आहे लोहाराचा. आमच्या मालकांना मी हे जन्मभर ऐकवलं आणि ते जन्मभर हसले.

आमचं गाव शहाद्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायाशी. तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. नंदुरबारचा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा पश्चिम खानदेशच. आमच्याकडे गिऱ्हाईक दोन दिशांनी यायचं. खालून तापीकाठचे शेतकरी यायचे नांगराचा फाळ, वखराची पास, गाडीच्या चाकाची धाव घेऊन. वरून डोंगरातले लोक यायचे कुऱ्हाड, विळा आणि तीराची पाती घेऊन. खालचे घाई करायचे आणि भाव पाडायचे. वरचे लोक भट्टीसमोर उकिडवे बसायचे, तंबाखू मळायचे आणि काम संपलं तरी उठायचे नाहीत. मला वरचे आवडायचे.

खालच्यांतला एक मोठा शेतकरी आठवतो. बाईचा घण आपल्या गाडीच्या धावेला लागायला नको म्हणून हटून बसला. चाकावर धाव चढवायची म्हणजे लोखंडाचं अख्खं कडं लालभडक तापवायचं, दोघातिघांनी सांडशीनं उचलून लाकडी चाकावर बसवायचं, ठोकायचं आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. मी आपली पदर खोचून बाजूला उभी राहिले. चाकातून धूर निघायला लागला तसा तोच शेतकरी ओरडला, "ओ बाई, या ना, देखी काय ऱ्हायन्या." मी गेले. पण सावकाश गेले.

आणि वरचा एक म्हातारा होता. दर वर्षी एकच कुऱ्हाड आणायचा, नवं पातं जोडून न्यायचा. मालक म्हणाले, अरे बाबा, नवी घे. तर म्हणे, नवी माले वळखत नही. असली माणसं.

आता तीराच्या पात्यांचं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. शिकारीचा माणूस कधी एकसारखी पाती मागत नाही. त्याला मासळीसाठी लांब, बारीक पातं हवं, डुकरासाठी रुंद, सशासाठी छोटं. चार प्रकारची चार पाती, आणि त्यावर तासभर गप्पा. पण माणसावर चालवायचा तीर मागायला माणूस आला, की तो बोलत नाही. पाती सगळी एकाच घाटाची मागतो, मागे काटा काढलेली, म्हणजे घुसलं की उपसताना मांस घेऊन येईल अशी. आणि लोखंड कोणतं आणतो, तर घरातले विळे. ज्यानं विळा मोडायला दिला, त्याला पुढचा हंगाम दिसत नसतो. फौजदाराला कळायच्या कितीतरी आधी लोहाराच्या घरात कळतं, की डोंगरात काहीतरी पेटतंय.

त्या वर्षी होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरला. डोंगरातल्या गावोगावचे लोक आपापला मोठा ढोल घेऊन या बाजाराला उतरतात, नाचतात. ढोल म्हणजे गावाची इज्जत. त्या वर्षी उमरकुंडच्या एका पोरानं दारूच्या नशेत बोरपाणीच्या ढोलावर चाकू ओढला. कातडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं. ढोल ज्याच्या गळ्यात होता तो खेत्या, बोरपाणीचा जुना ढोलकरी. तो पुढं झाला तर झटापटीत त्याचा हात मोडला.

होळी कशीबशी झाली. दुसऱ्याच बाजाराला खेत्याचा मुलगा वेस्ता आमच्याकडे आला. एरवी हा पोरगा आला की आधी मला चिडवायचा, "लोहारीण, आज घण उचलस का आप्पालेच उचलस?" आप्पा म्हणजे आमचे मालक. त्या दिवशी बोलला नाही. फडकं सोडलं. आत विळे. त्याच दिवशी उन्हं कलल्यावर उमरकुंडचा दित्या आला. त्यानंही विळेच आणले. दोघांनाही पाती हवी होती, एकाच घाटाची, काटा काढलेली. आमच्या मालकांनी दोघांचेही विळे ठेवून घेतले. मी म्हटलं, अहो, कळतंय का तुम्हाला? ते म्हणाले, "मी नही घडावं तं दुसरा घडावी." तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी झिणी आली. झिणी म्हणजे खेत्याची मुलगी, वेस्ताची बहीण, आणि दित्याची बायको. कडेवर वर्षाचं पोर. डोंगर उतरून आली होती, पायाला भेगा पडल्या होत्या. मी पाणी दिलं, ते तिनं पोराला पाजलं. मग भट्टीकडे बघत म्हणाली, "माय, मन्हा भाऊना तीर बी तूच घडावशी, मन्हा आदमीना बी तूच. मंग माले येवढं सांग, कोणता तीर कोणले लागी?"

तिचं पोर माझ्या काळ्या बोटांशी खेळत होतं.

झिणीनं रडून भागवलं नाही, ती उपाय घेऊनच आली होती. होळी झाली की मोहाची फुलं पडायला लागतात. एकदा ती पडायला लागली की डोंगरातला माणूस पहाटेपासून झाडाखाली असतो. नाही गेला तर हरणं खातात, अस्वलं खातात, शेजारी वेचून नेतो. वर्षभराचं खाणंपिणं त्या फुलांवर. "मोहू पडाले लागना म्हणजे कोणले भांडाले टाइम नही," झिणी म्हणाली. "दोन्ही गावना म्हातारा बी मंग ऐकतीन. तवलोंग पाती देऊ नको, माय."

पण नुसती आमची भट्टी बंद ठेवून काय होणार? डोंगराच्या पायथ्याला आणखी चार गावांत लोहार होते. मी विचार करत बसले आणि मग माझ्या डोक्यात आलं. ते चारही लोहार आमचेच भाऊबंद. आमच्यात भाऊबंदकीतलं कोणी गेलं की दहा दिवस सुतक, आणि सुतकात भट्टी पेटत नाही. ऐरण आमचा देव, विटाळात तिच्यावर घाव घालायचा नाही. डोंगरातले लोकही हे पाळायचे. सुतकातल्या लोहाराचं पातं त्यांना फुकट दिलं तरी नको असायचं.

तेव्हा कोणीतरी मरायला हवं होतं. आणि ते असं हवं होतं, की ज्याच्यासाठी पाचही गावांचे लोहार एकमुखानं भट्ट्या विझवतील. असा माणूस एकच होता. रनाळ्याचे नथूकाका, आमच्या मालकांचे चुलते, माझे चुलत सासरे, सगळ्या भाऊबंदकीत वडील. माणूस ठणठणीत होता. रनाळं नदीपलीकडे, लांब. मी त्यांना मारून टाकलं.

सांजेला मालकांना सांगितलं, रनाळ्याकडून आलेला गाडीवान सांगून गेला, नथूकाका गेले, मातीही झाली. यांना मी खरं सांगितलं नाही, कारण यांच्या पोटात खोटं राहत नसे, लगेच चेहऱ्यावर यायचं. पण हे इतके रडतील असं मला वाटलं नव्हतं. काकांनीच यांना हातोडी धरायला शिकवलं होतं. यांनी भट्टीवर पाणी ओतलं, चार गावांना निरोप धाडले, आणि सकाळी न्हाव्याकडून डोकं आणि मिशी उतरवून आले. ती मिशी मला किती आवडायची काय सांगू. त्या सपाट ओठाकडे बघून माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं कबूल केलं.

हे ओठावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "काका जिता शे?"

"जिता शे."

"आनि मन्ही मिशी गई."

"परत येईल हो."

"तुन्ही अक्कल बी परत येई का?" एवढं म्हणून मात्र हसायला लागले आणि हसता हसता पुन्हा रडले. काका जिवंत आहेत म्हणून रडले. पुढं कोणाजवळ एक शब्द काढला नाही त्यांनी. मी यांना भोळं म्हणत आले, पण त्या दिवसांत यांनी तोंड जे मिटलं ते मिटलं.

पाची गावांत भट्ट्या थंड झाल्या. वेस्ता आला, थंड राख पाहून परत गेला. दित्याही परत गेला. झिणी बाईमाणूस. बाईवर कोणी तीर सोडत नाही, म्हणून ती दोन्ही गावांत ये-जा करू शकत होती. ती इकडच्या म्हाताऱ्यांचं तिकडं आणि तिकडच्यांचं इकडं पोचवत राहिली. मी रोज सकाळी उठून आभाळाकडे बघायची. त्या वर्षी मेल्या ढगांनी मोह अडवून धरला होता. ऊन तापल्याशिवाय फुलं पडत नाहीत.

असं करता करता बाजाराचा दिवस आला, सुतकाचे थोडेच दिवस उरले आणि मोह काही पडेना. त्या बाजाराला बोरपाणीची माणसं येऊन आमच्या भट्टीसमोर बसली. पुढं वेस्ता, शेजारी त्याचा बाप खेत्या, हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. थोड्या वेळानं उमरकुंडची माणसं आली आणि समोरच्या आंब्याखाली बसली. त्यांच्यात दित्या होता, मागं पोर घेऊन झिणी. सगळ्यांच्या खांद्याला कामठे, म्हणजे बांबूची धनुष्यं, आणि जुने का होईना, तीर होतेच. बाजारातल्या मीठवालीनं आपलं दुकान गुपचूप उचललं आणि पलीकडच्या गल्लीत मांडलं.

तेवढ्यात एक बैलगाडी येऊन थांबली आणि तिच्यातून नथूकाका उतरले.

झालं होतं असं. आमच्या चार लोहारांपैकी एकाचं कुटुंब मोठ्या मायेनं रनाळ्याला दारावर, म्हणजे सांत्वनाला गेलं. आमच्याकडे बाया वेशीपासूनच हेल काढून रडत जातात. काका ओट्यावर बसून भाकर खात होते. रडणं ऐकून उठले, खांद्यावर पंचा टाकला आणि त्या बायांच्या मागोमाग निघाले, बघू कोणाकडे गेलं कोण. बाया त्यांच्याच दारात बसल्या. पुढचं तुम्हीच समजा. बैल जुंपून काका थेट आमच्याकडे.

गाडीतून उतरले ते तापलेले. पण समोर एवढी माणसं बघून थबकले आणि वेस्तालाच विचारलं, "कोण मरी गया रे अठे?"

वेस्तानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "रनाळाना नथू लोहार, बाबा. मोठा माणूस व्हता. मन्हा बापकडे त्यान्ही कुऱ्हाड शे, अजून धार गई नही."

काका जरा थांबले. "आखो काय काय घडावं त्यानी?" म्हणाले. वेस्ता सांगू लागला, खेत्यानंही दोन शब्द घातले. काका ऐकत राहिले. मग खाकरले आणि घरात आले.

सुनेनं चुलत सासऱ्याशी थेट बोलायचं नसतं. मी पदर नाकापर्यंत ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि मालकांना उद्देशून सगळं सांगितलं. ढोल, विळे, झिणी, मोह, सगळं. काकाही भिंतीकडे बघून म्हणाले, "मंग माराले मीच सापडनू का?"

मी म्हटलं, "काकांना म्हणावं, दुसऱ्या कोणासाठी पाच गावांच्या भट्ट्या विझल्या नसत्या."

काकांनी पुतण्याच्या सपाट ओठाकडे पाहिलं. मग पागोटं नीट केलं आणि बाहेर गेले. मी दाराच्या फटीतून बघत होते.

दोन्ही गावांच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "मी नथू लोहार. जो मरी गया तो मीच शे." सगळे बघतच राहिले. काका म्हणाले, "या मन्ही सूननी माले मारं. कसाले? तुमनापैकी कोणी मराले नको म्हणीसन. तुमना ढोल फाटना. ढोलसाठे एक माणूस मराले पाह्यजे व्हता ना? मरना. मी मरनू. आते पुरं करा."

वेस्ता उठला. त्याच्या हातात कामठा होता. "तू आमन्ही मस्करी करी ऱ्हायना, म्हातारा. जिता माणूस मरेल कसा धरवी?"

"कसा म्हणजे?" काका खेकसले. "मन्हा पुतण्यासन्या मिश्या देख. पाच गावन्या भट्ट्या थंडगार शेतस. रनाळाले बाया मन्हा दारवर रडी गयात. आखो काय पाह्यजे मराले?"

आंब्याखालची माणसंही उठली. दित्यानं भात्यातून तीर काढला होता. काका मध्ये उभे, म्हातारे, हातात काठीसुद्धा नाही. मला वाटलं, मी बोलले तेच आता खरं होणार, आणि ते माझ्या डोक्यावर बसणार.

तेव्हा झिणी चालत आली. नवऱ्याच्या शेजारून, काकांच्या शेजारून, थेट भावासमोर. तिनं कडेवरचं पोर वेस्ताच्या हातात दिलं. भाचा तो, मामानं काय करावं? धरावंच लागलं. त्यासाठी कामठा खाली ठेवावा लागला. पोरानं मामाचे केस मुठीत धरले आणि ओढले.

आधी हसला तो खेत्या. ज्याचा हात मोडला, ज्याचा ढोल फाटला, तोच. कामट्यांतला हात पोटाशी धरून हसला आणि काकांना म्हणाला, "लोहार, तू भलता चांगला मरना." मग आंब्याखालून कोणीतरी हसलं. दित्यानं तीर भात्यात परत टाकला. मी दारातच खाली बसले.

त्यानंतर म्हातारे बोलले, दिवसभर बोलले, आणि डोंगरातल्या रीतीनं भांडण तोडलं. उमरकुंडनं बोकड आणला. त्याचं मटण दोन्ही गावांनी एका पंगतीत खाल्लं आणि कातडं बोरपाणीच्या ढोलाला चढवलं. पंगतीत काकांना पहिलं वाढलं. "मन्हं तेरावं मी सोता जेवनू, असं कोणले जमस?" असं पुढं ते रनाळ्यात सगळ्यांना सांगत फिरायचे. दोन-तीन दिवसांनी ऊन पडलं आणि मोह असा सांडला, की पुढचा बाजार ओस. मालकांनी मिशी वाढवायला घेतली. मी रोज बघायची, किती आली.

सगळंच गोड झालं असं नाही. खेत्याचा हात वाकडाच सांधला, ढोल त्यानं पुन्हा गळ्यात घेतला नाही. आणि ज्या पोरानं चाकू ओढला होता, तो पंगतीच्या आधीच लाजेनं खाली गुजरातकडे कामाला निघून गेला, तो परत आला नाही. त्याची आई दर बाजाराला माझ्याजवळ येऊन बसायची. तिकडून कोणी आलं का, विचारायची. त्याला एक निरोप कोणी आधी दिला असता, की मिटलंय, थांब, तर पोरगा राहिला असता. ते आम्हा कोणाला सुचलं नाही. माझं मन अजून तिथं अडतं.

नथूकाका त्यानंतर खूप वर्षं जगले. दर मोसमाला मोहाची टोपली त्यांना डोंगरातून यायची, आमच्याकडे उतरायची, आम्ही रनाळ्याला धाडायचो. काका आले की माझ्याकडे बघून खाकरायचे. मी पदर ओढायची. पण पदराआड हसायची हे त्यांना ठाऊक होतं.

मग एका उन्हाळ्यात रनाळ्याहून गाडीवान आला आणि या खेपेला खराच आला. आम्ही भट्टी विझवली. मालक न्हाव्याकडे जाऊन आले. मी पहिल्या वेळी रडले नव्हते, त्या दिवशी थांबता येईना. दुपारी वेस्ता आणि दित्या दोघं बरोबरच बाजाराला आले होते, एकाच कावडीला दोन टोकांना खांदा देऊन. थंड राख पाहिली आणि दोघांच्याही चेहऱ्यावर हसू आलं.

वेस्तानं विचारलं, "लोहारीण, आते कोण कोण भांडी ऱ्हायनात वं?"

मी नाही म्हणून नुसती मान हलवली. दित्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आत मालकांच्या ओठाकडे पाहिलं. दोघांनी कावड खाली ठेवली आणि भट्टीसमोर बसले. सांज होऊन बाजार उठला, तरी ते उठले नाहीत.